पाण्यात विरघळलेली गाठ

साहेब, सरळ विचारतो. नगरपालिकेचं सभागृह त्या चिमटेबाबाला तुम्ही दिलंत, वर पहिल्या रांगेत बसून टाळ्याही तुम्हीच वाजवल्यात. मग आता ऐका.

आत मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबा रुग्णाच्या कुशीला चिमटा काढायचा आणि मुठीतून काचेसारखी गोळी दाखवायचा. "ही किडनीतली गाठ. आता मंत्राने विरघळेल." गोळी ग्लासातल्या पाण्यात पडली की गायब. लोक हात जोडायचे. ते पाणी मात्र बाबा कुणाला देत नसे. "त्यात रोग उतरलाय, बाळा."

माझी मावशी कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करते. गेल्या वर्षी सोनोग्राफीत तिच्या किडनीवर पाण्याची साधी पिशवी, म्हणजे सिस्टची गाठ, दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता काही करायची गरज नाही. वर्षाने पुन्हा बघू. पण ताप-थंडी आली, कूस दुखली, लघवीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी या."

मावशीने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. "काही करायचं नाही म्हणते, म्हणजे तिला काही येत नाही."

परवा तिला ताप भरला, कूस ठणकायला लागली.

"मावशे, दवाखान्यात चल."

"आधी बाबा. तू गप रे, शहाण्या."

बाबाने तिचीही गाठ काढली, विरघळवली आणि डोळे मिटून पुटपुटत बसला. तापाने मावशीच्या घशाला कोरड पडलेली. तिने ग्लास उचलला आणि घटाघटा प्यायली. मग थबकली. तोंडातून काहीतरी काढून उजेडात धरलं.

"बाबा, ही विरघळली होती ना?"

"तुझी श्रद्धा कमी पडली, माई."

"श्रद्धा कमी असेल, दात शाबूत आहेत. त्यांच्याखाली हे बुळबुळीत काय आलं?"

फुलदाणीत घालतात ते जेलचे गोळे, साहेब. पाणी पिऊन फुगतात आणि पाण्यात टाकले की दिसत नाहीत, कारण ते स्वतःच जवळजवळ पाणी असतात. बाबा ते बोटांच्या बेचक्यात लपवायचा. तुमच्या केबिनमधल्या फुलदाणीतही तेच आहेत. आणि ते 'बरे झालेले'? त्यांच्याही किडनीवर अशीच साधी पिशवी होती, तिचा त्यांना त्रास नव्हताच. न दुखणारं बरं करायला कसली आली सिद्धी?

मावशीला मी तशीच दवाखान्यात नेली. पिशवीत जंतू शिरले होते. "आणखी उशीर झाला असता, तर ते रक्तात पसरले असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता मावशी सलाइन लावून पडली आहे आणि नर्सने पाणी दिलं की आधी ग्लासात बोट फिरवते.

लोकहो, गाठ दिसली म्हणून घाबरू नका, आणि डॉक्टरांनी 'काही करू नका' म्हटलं म्हणून विसरूही नका. लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे.

आणि साहेब, बाबा पुन्हा येतोय म्हणे, त्याच सभागृहात. उद्या तुमची कूस ठणकली, ताप भरला, तर गाडी कुठे वळवाल? दवाखान्याकडे ना? मग आमच्यासाठी ते दुसरं दार का उघडून ठेवलंय? उत्तर द्या.