माझ्या पोटातल्या रक्ताचा मालक कोण?

मित्रांनो, मी रक्ताची एक जुनी नळी आहे. करंगळीएवढी, जांभळ्या बुचाची. दिसायला फुटकळ, पण माझ्या पोटातल्या थेंबांनी भल्याभल्यांना भर कोर्टात घाम फोडला, हे आधीच सांगून ठेवते.

माझ्यात एका भाजीवाल्या आजीचं रक्त आहे. तिच्या घराण्यात डोळे जायचे. आईचे गेले, बहिणीचे गेले, तिचाही एक गेला. "घ्या रक्त, पण पुढच्या पोरींचे डोळे वाचवा," म्हणत तिने डॉक्टरीणबाईंपुढे हात केला. अर्धं रक्त माझ्यात राहिलं, अर्धं तपासायला एका कंपनीकडे गेलं. कंपनीने त्यात डोळे घालवणारा जनुक शोधला. तेव्हा माझं कोण कौतुक झालं! मग मला बर्फाळ कपाटात मागे ढकललं आणि सगळे विसरले. अंगावर बर्फाचे थर चढले, तरी मी काही तडकले नाही.

वर्षं गेली. आजीच्या सहा वर्षांच्या नातीला संध्याकाळी दिसेनासं झालं. दोष वेळेत कळला तर औषध लागू पडणार होतं. डॉक्टरीणबाई तपासायला बसल्या, तोच कंपनीची नोटीस आली: या जनुकाचं पेटंट आमचं, तपासणार फक्त आम्ही. आणि तपासणीसाठी त्यांनी दिलेली तारीख दीड वर्षानंतरची!

"रक्त माझं, रोग माझा, आणि मालक हे? कुठले आले हे जावई?" आजी कडाडली आणि तडक कोर्टात गेली. पोरीचं वय पाहून कोर्टाने खटला लवकर घेतला. जनुक आजीच्या रक्तात आधीपासूनच होता, याचा पुरावा म्हणून मलाही नेलं, बर्फाच्या पेटीत बसवून, राणीसारखं.

कंपनीचे वकील म्हणाले, "जनुक रक्तातून वेगळा आम्ही काढला. म्हणून तो आमचा."

आजी उठली. "वकीलसाहेब, मी जन्मभर वाटाणे सोलत आले. शेंगेतून दाणा काढला म्हणून तो मी घडवला का?"

"आजी, हे विज्ञान आहे."

"असू दे की! त्यात तुम्ही नवीन काय घातलंत, तेवढं सांगा."

वकिलांनी कागद चाळले आणि कबूल केलं, "नवीन काही नाही, फक्त वेगळा काढला."

न्यायाधीशांनी निकाल दिला: नवं औषध घडवा, नवं यंत्र घडवा, त्यावर हक्क मागा. माणूस जे अंगात घेऊन जन्मतो, त्याची मालकी कुणालाही मिळणार नाही. तपासणी कुणीही करावी.

त्याच दुपारी नातीचं रक्त माझ्यातल्या रक्ताशी ताडून पाहिलं. दोष तोच निघाला, पण वेळेत निघाला! औषध सुरू झालं. आता ती दिवेलागणीला रस्त्यापलीकडची पाटी घडाघडा वाचते, आणि आजी गिऱ्हाइकांना थांबवून ऐकायला लावते.

मित्रांनो, रक्त जरूर द्या. आम्हा नळ्यांना जपा. पण कशासाठी नेता, नंतर हक्क कुणाचा, हे विचारून द्या. विचारायला शिक्षण लागत नाही, तोंड लागतं. आजीला ते होतं.