मागच्या चाकांवर वजन

आमच्या ह्यांचे कान गेलेत हे मला पहिल्यांदा ओव्हनच्या टायमरने सांगितलं. तो बारीक आवाजात टीं टीं करत होता आणि हे त्याच्या शेजारी उभे राहून म्हणाले, "अजून झालं नाही वाटतं." मला वाटलं गंमत करतायत. मग वॉशिंग मशीनची शिट्टी, मग फोनची रिंग. आपण सांगत राहावं आणि हे ढिम्म. पण गल्लीच्या टोकाला कुणाची गाडी वळली, की तिचा सायलेन्सर कुठे फाटलाय ते खुर्चीत बसून सांगायचे. म्हणजे जाड आवाज येतो, बारीक येत नाही. कान दाखवू या म्हटलं तर ठरलेलं उत्तर, "माझं लक्ष नव्हतं." लक्ष नसायला हे काय शाळेत जातात?

दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचं असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, बरं झालं, बायकोचे टोमणे तरी टळले. पण आमचं पोट ह्यांच्या कानावर चालतं.

हे जुन्या जपानी गाड्या ट्यून करतात. तीस वर्षांपूर्वीच्या त्या दोन दारांच्या, टर्बोवाल्या, ज्यांच्यावर लोकांचा बायकोपेक्षा जास्त जीव असतो. मागच्या शेडमध्ये जमिनीत रोलर बसवलेत. गाडीची मागची चाकं रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी गाडी आवळून बांधायची आणि जागच्या जागी भरधाव पळवायची. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब थोडा वाढवायचा, पळवायची, परत थोडा वाढवायचा. दाब जास्त झाला की आतलं पेट्रोल भलत्या वेळी पेटतं आणि बारीक टकटक होते, डब्यात खडे हलवल्यासारखी. तिला नॉक म्हणतात. ती चालू राहिली तर पिस्टनचा तुकडा उडतो आणि इंजिन भंगारात जातं. त्या गोंगाटात नुसत्या कानाला ती कळत नाही. म्हणून हे इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे त्याच्या मुख्य ओतीव धडाला, एक तांब्याची नळी बोल्टने आवळतात, नळीला रबरी पाइप जोडतात आणि पाइपचं दुसरं टोक कानावरच्या जाड कव्हरांत सोडतात. टकटक आली की ह्यांचा हात वर जातो, हात वर गेला की गाडी चालवणारा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. एवढ्यासाठी लोक लांबून लांबून गाड्या ट्रकवर घालून आणतात आणि ह्यांना कानसेन म्हणतात.

आणि कोडं असं की गाडीत बसल्यावर ह्यांचा हात एकदाही चुकला नव्हता. मी डोळ्यांनी बघत होते, कारण हल्ली हे मलाही गाडीत बसवायचे. "मागच्या चाकांवर वजन हवं, रोलरवर घसरतात," म्हणे. त्या गाड्यांची मागची सीट म्हणजे नावाची सीट, गुडघे हनुवटीला लागतात. सिमेंटची पोती ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "पोत्याशी गप्पा मारता येत नाहीत." रबरी पाइपला एक दुसरा फाटा आहे. पूर्वी तो गिऱ्हाइकाला द्यायचे, हौस म्हणून. आता तो माझ्या कानाला आला, करमणूक म्हणून. माझा जन्म ह्या आवाजांत गेलाय, मला नॉक वेगळी शिकवायला लागत नाही. आली की दाढ ठणकल्यासारखं माझं तोंड वाकडं व्हायचं आणि तेवढ्यात ह्यांचा हात वर गेलेला असायचा. मग मी मनाशी म्हणायची, आहेत हो कान शाबूत, मीच उगाच जिवाला घोर लावून घेते. एक गोष्ट मात्र बदलली होती. पूर्वी हे डोळे मिटून ऐकायचे. आता शेजारच्या सीटवर बसून डोळे टक्क उघडे ठेवायचे आणि वरच्या आरशात बघत राहायचे. वय झालं, डोळे मिटले तर डुलकी लागत असेल, असं मी धरून चालले.

मग माझा धाकटा भाऊ बाबांची गाडी घेऊन आला.

आई त्या गाडीला सवत म्हणायची आणि तेच नाव तिला चिकटलं. बाबा आईशी दोन शब्द बोलायच्या आधी सवतीच्या काचा पुसायचे. आता बाबा नाहीत, आई नाही, सवत आहे. तिच्या इंजिनावर कारखान्यातला मूळ नंबर अजून स्वच्छ वाचता येतो. तसं इंजिन आता शोधूनही सापडत नाही, तसे ब्लॉक बनवणं कंपनीने कधीच बंद केलं. बाबांनी तिच्यासाठी एक मोठा टर्बो आणून खोक्यात ठेवला होता, तो लावायचा राहिला. भावाला तोच लावायचा होता, आणि लावणार तर भाऊजीच, दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालणार नव्हता.

टर्बो बसला. ट्यूनिंगच्या रविवारी सकाळी दोन जाणकार बोलावल्याशिवाय हजर झाले. एक दातांचे डॉक्टर, ज्यांच्या स्वतःच्या गाडीचा एक स्क्रूही बदललेला नाही. दुसरा पुरावा. कुणी काहीही बोललं की तो "पुरावा काय?" विचारतो आणि मोबाइलवर आलेख उघडतो, म्हणून तो पुरावा.

"हे इंजिन मुळात झाकून ठेवलेलं आहे," पुरावा म्हणाला. "त्या काळी सगळ्या जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून पॉवरचा आकडा कमी लिहिला होता. ब्लॉक लोखंडी आहे, दुप्पट झेलतो. लोकांनी करून बघितलंय."

"झेलायचा," डॉक्टर म्हणाले. "ब्लॉक आहे हो लोखंडी, पण बाकीचं? रबर वाळलं, वायरींच्या क्लिपा हात लावला की तुटतात. दात भक्कम असून काय उपयोग, हिरडी गेल्यावर? जी गाडी मूळ रूपात उरलीय, तिला कशाला छेडायचं?"

"मग काय तिचं लोणचं घालू?" भाऊ म्हणाला. "बाबांनी टर्बो शोभेला नव्हता आणला, डॉक्टर."

"कानसेन, पेट्रोलचा पंप बदलला ना?" डॉक्टरांनी विचारलं. हे बोनेटमध्ये वाकलेले होते, वर बघितलंच नाही. "बदलला, बदलला," मीच सांगून टाकलं.

पुराव्याने मोबाइल पुढे केला. "हल्ली एक यंत्र मिळतं. नॉक पडद्यावर दिसते. आणू का आजच्यापुरतं?"

"आणा ना," मी लगेच म्हटलं. "बिघडलं कुठे?"

हे आता ताठ उभे राहिले. "तीस वर्षं मी काय झोपा काढत होतो?" सगळे हसले आणि पुराव्याने मोबाइल खिशात टाकला.

मी ह्यांना सामानाच्या खोलीत गाठलं आणि दार लोटून घेतलं. "अहो, आज नको. सांगा त्याला, दुसऱ्या कुणाकडे ने."

"का?"

"तुम्हाला टायमर ऐकू येत नाही. पंपाचं विचारलेलं ऐकू आलं नाही. नॉक त्याहून बारीक असते."

ह्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "तू मागे बसणार आहेस ना?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"चाकांवर वजन हवं," म्हणाले आणि दार उघडून बाहेर गेले.

मला भावाला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर त्या दोघांसमोर ह्यांचा कानसेन तिथेच मेला असता, आणि ती बातमी दुपारपर्यंत सगळ्या जुन्या गाडीवाल्यांकडे पोचली असती. नाही सांगितलं तर बाबांचं इंजिन. मी गप्प बसले आणि सवतीच्या मागच्या सीटवर जाऊन गुडघे दुमडले. आई असती तर म्हणाली असती, बाई, तूही शेवटी हिच्याच पदरी पडलीस.

भाऊ चालवायला, हे शेजारी लॅपटॉप घेऊन, मी मागे. भावाच्या कानावर साधी कव्हरं, नळीचे फाटे आम्हा दोघांना. पुढचा मोठा पंखा सुरू झाला, डॉक्टर आणि पुरावा शेडच्या खिडकीच्या काचेपलीकडे जाऊन उभे राहिले. पहिल्या काही फेऱ्या दाब कमी होता. कानात इंजिनाची जाड घरघर, वर टर्बोची शिट्टी, बस्स. तरी प्रत्येक फेरीला मी दात आवळून बसायची, कपाळाला आठ्या घालून, आणि हे मध्येच हात वर करायचे. भाऊ पाय उचलायचा. मला तर काहीच ऐकू आलेलं नसायचं. आता ह्यांना नसलेलं ऐकू यायला लागलं की काय, ह्या विचाराने मी आणखी घाबरले.

मध्ये इंजिन थंड करायला थांबलो. हे पाणी प्यायला उतरले. भाऊ मागे वळला.

"ताई, काय गं तोंड केलंयस. गाडीत बसलीयस की ऑपरेशनला? मागे वळलो की तुझा चेहरा दिसतो आणि माझा पाय लटपटतो. ऐकायला भाऊजी आहेत ना? तू आपली डोळे झाकून बस."

बरोबरच होतं त्याचं. बघून तरी मी काय करणार होते? हे परत येऊन बसले, लॅपटॉपवर दाब चढवला, भावाला खूण केली. मी ओढणी तोंडावर ओढून घेतली आणि डोळे घट्ट मिटले.

गाडी सुटली. घरघर चढत गेली, शिट्टी चढत गेली. आणि आली. आधी एखादा खडा. मग दोन-चार. मी वाट बघितली, आता हात जाईल, आता पाय उठेल. आवाज वरच चढत होता आणि डब्यात मूठभर खडे पडले होते. मी ओढणी खाली खेचली. ह्यांचा हात मांडीवर होता. हे आरशातून थेट माझ्याकडे बघत होते, आणि इतके घाबरलेले डोळे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. मी दोन्ही हातांनी भावाच्या खांद्यावर बडवायला लागले.

त्याने पाय उचलला. रोलर हळूहळू थांबले, कुणीतरी पंखा बंद केला. भावाने कानावरची कव्हरं काढली. "काय झालं? ताई?"

ह्यांनीही कव्हरं काढली. ते भावाकडे बघत नव्हते.

"तोंड का झाकलंस?" त्यांनी मला विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग मी आरसा बघितला. तो भावाच्या बाजूला नव्हताच, ह्यांच्याकडे फिरवलेला होता. मला त्यात ह्यांचे डोळे दिसत होते, म्हणजे ह्यांना त्यात माझं तोंड दिसत होतं. इतके महिने तो हात माझ्या तोंडाकडे बघून वर जात होता. मघाशी उगाचच्या भीतीने मी आठ्या घातल्या, तेव्हाही गेला.

मला भयंकर राग आला. "वजन म्हणून बसवलंत मला," मी म्हटलं, "आणि कान म्हणून वापरलंत? मला सांगायला काय जीभ झडली होती तुमची?"

"काय सांगणार होतो?" हे हळू आवाजात म्हणाले. "कानसेनला ऐकू येत नाही म्हणून?"

गाडीची काच उघडी होती आणि शेडच्या खिडकीचीही. पलीकडचे दोघं ऐकत होते, ते ह्यांनाही कळलं असणार.

भाऊ उतरला आणि बोनेट उघडलं. इंजिन निवेपर्यंत त्याने कुणाकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी स्पार्क प्लग एकेक करून काढले आणि दात तपासायचं भिंग डोळ्याला लावून उजेडाकडे धरले. चंदेरी कण दिसले की पिस्टन वितळला, एवढं मलाही माहीत होतं. मी बाबांची आठवण काढत होते आणि ह्यांची बाही घट्ट धरून उभी होते, राग होता तरी.

"काळे ठिपके आहेत," डॉक्टर शेवटी म्हणाले. "चंदेरी काही नाही. वाचली." पुराव्याने पुरावा मागितला नाही.

भाऊ ह्यांच्या समोर येऊन उभा राहिला. "भाऊजी, बाबांची गाडी आहे ही. मला सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो," हे म्हणाले.

मला वाटलं भाऊ आता पट्ट्या सोडून गाडी घेऊन जाईल. तो प्लग परत एकदा बघून आला. मग माझ्याकडे वळला. "तुला कधी ऐकू आली?"

"पहिल्या खड्यालाच."

"मग पुढे बस."

डॉक्टरांनी प्लग परत बसवले आणि हे लॅपटॉपवर वाकले. दाब खाली आणला, कुठली कळ दाबायची ते मला दाखवलं आणि लॅपटॉप माझ्या हातात दिला. मग ती पुढची सीट वाकवून, धापा टाकत, एवढा मोठा माणूस मागे शिरला. गुडघे हनुवटीला लागले. मी पुढे बसून त्यांच्या फाट्याची कव्हरं मागे दिली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. "मी वजन म्हणून आहे," म्हणाले.

पंखा सुरू झाला. मी हात मांडीवरून उचलून तयार ठेवला. भावाने माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. आरसा अजून तसाच फिरवलेला होता. त्यात बघितलं तर ह्यांनी डोळे मिटले होते, पूर्वीसारखे.