राजा पडला, तिथून पुढे

मी एक जुनी, दमलेली फीत आहे. नान गावच्या दूरचित्रवाणी केंद्रात, तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात राहते. मित्रांनो, एवढी कशाने दमले म्हणाल, तर कितीतरी वर्षं मी एकाच राजाला मारत आले. तुम्हीही दमला असतात.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतं ते थेट रणांगण. म्हणजे कापणी झालेलं भाताचं शेत, भाड्याने आणलेले दोन हत्ती आणि भाले धरलेले चाळीस शाळामास्तर. सहाशे वर्षांपूर्वीच्या राजा इनकेओवर माहितीपट निघत होता आणि त्याची शेवटची लढाई माझ्यावर चित्रित व्हायची होती. काय मिरवले होते मी!

आणि राजा कोण, तर बाजारात चिकटभात आणि भाजलेलं सॉसेज विकणारे मून काका. कानाच्या पाळ्या लांब, म्हणून निवडलेले. त्यांची बायको खामपेंग मावशी गिऱ्हाइकांना सांगायची, "कान राजाचे आहेत हो, पण ऐकत कुणाचं नाहीत."

आमच्याकडे एक रीत आहे. कुणी मरणाचं सोंग केलं, की सोंग संपताच उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. ही थट्टा होती हे मरणाला कळायला हवं ना? नाहीतर ते खरंच धरून बसतं.

तर त्या दिवशी भाला लागला आणि राजा हत्तीच्या मानेवर कोसळला. ऊन उतरत होतं, हत्तींची वेळ संपली होती. सगळे सामान आवरायला पळाले. बांधावरून मावशी ओरडली, "राजेसाहेब, मरून झालं असेल तर उठा आता. भात गार होतोय." आणि मागे न बघता तरातरा बाजाराकडे निघून गेली.

दहा महिन्यांनी मून काका तापाने गेले. मावशीच्या सासूबाई तिला एवढंच म्हणाल्या, "हसला नसेल त्या दिवशी. तुझीच घाई." मावशीने ते कधी कुणापाशी काढलं नाही, पण राजा इनकेओच्या स्मृतिदिनी दर वर्षी तो माहितीपट टीव्हीवर लागला की ती टोपली उचलून बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची.

मला मात्र ठाऊक होतं. पण फितीला कुठे तोंड असतं? दर वर्षी मला यंत्रात घालायचे, राजा पडेपर्यंत चालवायचे, बटण दाबून थांबवायचे, मागे गुंडाळायचे. "वा, काय मरण आहे!" म्हणायचे. यंदा तरी बटण विसरतील, अशी मी दर वर्षी आस धरायची. कुणी विसरलं नाही. माणसं भारी शिस्तीची. मग संगणकावरचा नवा, देखणा राजा आला आणि माझ्यावर बुरशी चढली. खरं सांगू? तेव्हा बरंच वाटलं. मरू दे म्हटलं एकदाचं.

गेल्या महिन्यात केंद्र नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. जुन्या फिती एकदा बघून भंगारात द्यायचं काम केंद्रात नोकरी करणाऱ्या दारावानकडे आलं. ही मुलगी रोज मावशीकडचाच भात खाते. तिने सहज सांगितलं, "मावशी, तुमचा राजा उद्या भंगारात."

दुसऱ्या दिवशी मावशी टोपली घेऊन दारात उभी. म्हणाली, "निरोप द्यायला आले. तू आधी खाऊन घे, वाळलीस किती."

मी फिरू लागले. दारावान भाताचे गोळे करून खात होती. मावशी पडद्याकडे नाही, स्वतःच्या पायांकडे बघत होती. भाला लागला. राजा पडला. दारावानचा हात बटणाकडे गेला आणि थांबला. बोटं सगळी चिकट! ती फडकं शोधू लागली.

मी पुढे निघाले. बुरशी नेमकी तिथेच होती. तुटते की काय, तुटते की काय, असं करत एकेक वीत सरकत होते.

पडद्यावर तिरकं शेत आलं. कॅमेरा बांधावर ठेवून बंद करायचा राहिला होता ना! मग हत्तीचा पाय. मग मुकुट वाकडा झालेले मून काका कॅमेऱ्यासमोर उकिडवे बसले आणि हसले. आधी रीत म्हणून, मग स्वतःच्याच हसण्याला हसू येऊन, पोट धरून. आणि मान वळवून ओरडले, "आलो गं! हसू तरी दे, नाहीतर उद्या भात कोण विकेल?"

दारावान फडकं धरून तशीच उभी. मावशीने पदरासारखा खांद्यावरचा पंचा ओढून तोंड पुसलं. 

मग म्हणाली, "परत लाव. पडतो तिथून नको. उठतो तिथून."

त्या दिवशी मी अकरा वेळा फिरले. मित्रांनो, मी अजून दमलेलीच आहे, पण ही दमणूक वेगळी. एवढंच मागते, जुनं काही टाकण्याआधी ते शेवटपर्यंत बघा. आपल्यापुरतं संपलं म्हणून बटण दाबू नका. पुढे कुणीतरी हसत बसलेलं असतं.