गोलपोस्टच्या मागून

शनिवारी दुपारी चेन्नईच्या उन्हात शहाणा माणूस पंख्याखालून हलत नाही. पण रविकांत सासने पडला कोल्हापूरचा, आणि फुटबॉलच्या बाबतीत कोल्हापूरच्या माणसाकडून शहाणपणाची अपेक्षा करणं हाच मुळात खुळेपणा. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातली सकाळपाळी संपवून, डबासुद्धा न उघडता तो श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडच्या त्या लाल मातीच्या मैदानावर येऊन ठेपला होता. बरं, उभं तरी कुठं राहावं? देवळाच्या भिंतीला चांगली सावली होती, सगळी माणसं तिथं बसून सुंडल, म्हणजे फोडणीचे उकडलेले हरभरे, खात होती. हा मात्र थेट गोलपोस्टच्या मागं, जाळीला नाक लावून, डोक्यावर रुमाल टाकून.

त्याच्या गावात मॅच बघायची रीतच ती. गोलमध्ये आपल्या पेठेचं पोरगं असलं की त्याच्या पाठीशी जाऊन उभं राहायचं, त्याला धीर द्यायचा आणि उरलेल्या वेळात पंचाला शिव्या घालायच्या. पंचानं चूक केली असो वा नसो. तो मानच असतो पंचाचा.

इथं गोलमध्ये पेठेचं नव्हे, त्याच्या घरचंच पोरगं होतं. अनय.

दहावी झाल्या झाल्या रविकांतनं त्याला कोल्हापुरातून उचलून इकडं आणला होता. नोकरी इकडं, मग घर तिकडं कशाला, असा साधा हिशेब. पण तिकडं तालमीचं मैदान होतं, गल्लीतली पोरं होती, चौकात हाक मारणारी माणसं होती. इकडं आल्यावर पोराचा आवाजच गेला. तमिळ येईना, इंग्रजीची लाज वाटे. डिप्लोमाच्या कॉलेजातून आला की खोलीत. जेवायला हाक मारली की "हं". मीनाक्षी, म्हणजे त्याची आई, रोज रविकांतकडं अशी बघे की पानातला भात घशाखाली उतरत नसे.

मग कुठून तरी ही टीम त्याला सापडली. ओरगडम बॉइज. नाव ऐकून फसायचं नाही, गाड्यांच्या कारखान्यांत पाळ्या करणारी दांडगी पोरं ती. कुणी वेल्डर, कुणी पेंटशॉपमध्ये, कुणी ट्रकवर. त्यांना गोली, म्हणजे गोलकीपर, हवा होता. अनय उभा राहिला आणि पहिल्याच दिवशी घरी येऊन आईला म्हणाला, "भूक लागलीय." मीनाक्षी स्वयंपाकघरात जाऊन रडली. भूक लागलीय म्हटल्यावर कुणी रडतं का? पण ती रडली.

तरीसुद्धा एक गोष्ट राहिलीच होती. टीमचे सगळे चेंडू एका मळक्या निळ्या बॅगेत असत, आणि मॅचनंतर ती बॅग कुणाच्या तरी घरी जाई. कुणाच्या, ते कॅप्टन कौशिक ठरवी. ज्याच्या घरी बॅग, त्यानं मंगळवारच्या सरावाला सगळ्यांच्या आधी हजर व्हायचं. तो चुकला तर सराव बुडाला. त्यामुळं बॅग जाई ती भरवशाच्या माणसाकडं, आपल्या माणसाकडं. अनयकडं ती कधीच आली नव्हती. "माझ्याकडं नाही देत," असं एकदा जेवताना तो बोलून गेला आणि लगेच पाणी प्यायला. रविकांतनं ते ऐकलं आणि मनात ठेवलं.

आणि आज तर टीमच्याच गळ्याशी आलं होतं. समोर अण्णा नगरची टीम, झकपक कपड्यातली. आज निदान बरोबरी तरी साधायला हवी होती, नाही तर ओरगडम बॉइज खालच्या डिव्हिजनमध्ये. आता ती डिव्हिजन गेली खड्ड्यात, रविकांतला तिचं काय पडलं होतं! त्याला धास्ती एवढीच, की अनयच्या हातून चेंडू सुटला आणि टीम बुडाली, तर ह्या पोरांत त्याला परत कोण घेणार? आणि पुन्हा ती बंद खोली, पुन्हा ते "हं".

त्यात पंच म्हणून आली एक बाई.

"घ्या!" रविकांत मोठ्यानं म्हणाला. "आता हेच बघायचं राहिलं होतं!"

मराठीतच म्हणाला. ह्या गावात राहायचा हाच तर एक फायदा होता. बसमध्ये, बँकेत, साहेबाच्या केबिनबाहेर, मनात येईल ते खुशाल मोठ्यानं बोलावं. ऐकतंय कोण, आणि ऐकलं तरी समजतंय कुणाला!

बाई चाळिशीची, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा, पायात झिजलेले पण लखलखीत पुसलेले बूट. शिट्टी वाजली आणि रविकांतचं तोंड सुटलं. पहिला फाउल दिला तेव्हा, "अगं बाई, डोळे घरी विसरून आलीस काय?" ऑफसाइड दिला तेव्हा, "पळतीयस का वरातीत चाललीयस?" आणि कौशिकला पिवळं कार्ड दाखवलं तेव्हा तर कहरच केला. "ह्या शिट्टीवर कुणी कुकरसुद्धा उतरवायचं नाही गं!" स्वतःच्या विनोदावर स्वतःच खूश होऊन त्यानं इकडंतिकडं बघितलं. दाद द्यायला मराठी माणूस कुठला? अनयनं मात्र मागं न बघता दात-ओठ खात सांगितलं, "पप्पा, गप्प बसा की!"

पण खोटं कशाला बोला? तोंड शिव्या घालत होतं, तरी डोळे काही आंधळे नव्हते. जन्म मैदानाच्या कडेला गेलेला माणूस तो. अर्धी मॅच होईपर्यंत त्याच्या लक्षात आलं होतं, की बाई भारी आहे. चेंडू जिथं, तिथं ती, तेही खेळाडूंच्या पायात न येता. तिच्यापेक्षा हातभर उंच दोन गडी एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे राहिले, तर ही मध्ये जाऊन नुसती उभी राहिली, काही तरी हळू बोलली, आणि दोघं शाळेतल्या पोरांसारखे बाजूला झाले. अण्णा नगरच्या पोरानं पडल्याचं सोंग केलं तेव्हा तिनं त्याला हात देऊन उठवलं आणि कार्डही दाखवलं. त्या उन्हात, त्या फुफाट्यात, तिचा आवाज एकदाही चढला नाही. रविकांतच्या मनात आलं, आयला, अशी पंच आमच्या गावात असती तर निम्मी भांडणं मिटली असती. आणि पाठोपाठ सवयीनं तो ओरडला, "घड्याळ बघ गं, तुझ्या लग्नाचा मुहूर्त नाही हा!"

सामना सरत आला तरी गोल नव्हता. अनय त्या दिवशी काय खेळला, काय सांगावं! दोनदा आडवा उडाला, एकदा समोरच्याच्या पायात शिरून चेंडू काढला. गुडघे फुटले, लाल मातीत रक्त कळेना. भिंतीजवळची माणसं सुंडल विसरून उभी राहिली होती. "गोली! गोली!" असा ओरडा सुरू झाला आणि रविकांतची छाती एवढी फुगली, की शर्टचं बटण तुटायचंच राहिलं.

आणि तेव्हाच तो चेंडू आला. कॉर्नरवरून उंच, गर्दीत कुणाच्या तरी डोक्याला लागून वळला, खाली पडला. अनय मागच्या मागं झेपावला आणि त्यानं हातानं चेंडू खेचून पोटाशी धरला. जाळी हललीसुद्धा नाही. पण रविकांत जाळीला नाक लावून उभा होता. चुन्याची रेघ आणि चेंडू यांच्यामधली लाल माती त्याला स्वच्छ दिसली. आणि मैदानावर वाढलेल्या माणसाच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"गेला! आत गेला की रे पोरा!"

तोंडातून गेल्यावर त्यानं जीभ चावली. पण भ्यायचं कशाला? समजणार कुणाला?

इकडं गोंधळ माजला. अण्णा नगरची पोरं गोल गोल म्हणून नाचायला लागली, ओरगडमची पोरं त्यांच्या अंगावर गेली. लाइनवरचा माणूस गर्दीमागं होता, त्यानं हात वर केले, मला दिसलं नाही. बाईनं शिट्टी मारली, सगळ्यांना चार हात मागं सारलं आणि ती चालत गोलपाशी आली. जाळीतून तिनं रविकांतकडं बघितलं.

"काका," ती म्हणाली, "आत गेला म्हणून ओरडलांत तुम्ही. ऐकलें मी. पण तुम्ही बघायला आलेले लोक, तुमचें बोलणें मला घेतां येत नाही."

मराठी! जुनं, गोल गोल, तमिळच्या हेलातलं, पण मराठी! रविकांतच्या पायाखालची जमीन सरकली. डोळे घरी विसरलीस काय, वरात, कुकर, मुहूर्त, सगळं एकदम त्याच्या कानात वाजायला लागलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

बाई अनयकडं वळली. "तू सांग, बाळ. तू धरलास चेंडू. रेघेच्या आत होता का बाहेर?"

अनय गुडघ्यावर बसला होता, चेंडू अजून पोटाशी. त्यानं आधी कौशिककडं बघितलं. कौशिकला भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला होता, आणि त्याचे डोळे बाहेर यायचे बाकी होते. मग अनयनं मान वळवून बापाकडं बघितलं.

रविकांतच्या ओठांवर आलं होतं. नाही म्हण. एवढंच म्हण आणि सूट. आपण इथून नुसती मान हलवायची, पोरगं सुटेल, टीम सुटेल, बॅग घरी येईल. तासभर दुसऱ्याला आंधळी म्हणणारा हा माणूस स्वतःच्या डोळ्यानं बघितलेलं नाकारायला निघाला होता. पण त्याची मान हलली नाही. होकाराची नाही, नकाराचीही नाही. त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि खाली मातीकडं बघत राहिला.

"गेला होता, मॅडम," अनय म्हणाला. "आतून काढला मी."

बाईनं मान डोलावली आणि शिट्टी मारून मैदानाच्या मध्याकडं हात केला. गोल.

राहिलेल्या वेळात ओरगडमच्या पोरांनी जिवाचं रान केलं, पण चेंडू काही आत जाईना. शेवटची शिट्टी झाली. अण्णा नगरची पोरं बसकडं नाचत गेली. इकडची पोरं जमिनीवर बसली ती बसलीच. अनय सगळ्यांपासून लांब, एकटा, बुटांच्या नाड्या सोडत होता. त्याच्याशी कुणी बोलेना. पोरगं खरं बोललं, अभिमानानं ऊर फुटायची वेळ, आणि रविकांतला रडू येत होतं. आपण पोराला इथं आणलं, आपणच ओरडलो. गेलं सगळं.

"काका."

बाई समोर उभी होती. रविकांतनं हातच जोडले. "चुकलं माझं. मला वाटलं, इथं कुणाला..."

"कळत नाही म्हणून?" ती हसली. "मी तुळजा. आम्ही तंजावूरकडचे. पिढ्यान् पिढ्या तिकडेच, पण घरांत हीच भाषा. माझी अम्मा, सकवारबाई, ती गेल्यापासून एवढें मराठी कुणी माझ्याशी बोललें नव्हतें. तुम्ही बोललांत. शिव्या असोत, पण बोललांत!"

"ताई, लाजवू नका."

"कुकरची बरीक चांगली होती. मैदानांतच हसूं आलें असतें, मोठ्या कष्टानें आवरलें." मग ती गंभीर झाली. "एवढीं वर्षें शिट्टी वाजवतें मी. गोलीला विचारलें आणि गोलीनें खरें सांगितलें, असें आज पहिल्यांदा झालें. तुमचा लेक ना?"

रविकांतनं नुसती मान हलवली. ह्या वेळी मात्र हलली.

ती गेली, आणि तिकडून कौशिक उठला. तरातरा अनयकडं चालत गेला आणि तमिळमध्ये बरसायला लागला. रविकांतला आता तेवढी तमिळ कळत होती. डेय्, तुला काय गरज होती? बाईला दिसलं नव्हतं, लाइनवाल्याला दिसलं नव्हतं, तूच एक हरिश्चंद्र? आता वर्षभर खालच्या डिव्हिजनमध्ये सडायचं! अनय मान खाली घालून ऐकत होता. रविकांत पुढं व्हायला निघाला आणि थबकला. हे भांडण त्याचं नव्हतं.

कौशिकचा दम संपला. मग तो मागं वळला, बाकीच्या पोरांच्या मधून ती मळकी निळी बॅग उचलली, आणली आणि अनयच्या अंगावर टाकली.

"मंगळवारी सहाला," तो म्हणाला. "उशीर केलास तर तंगडी मोडीन." आणि निघून गेला.

अनय कितीतरी वेळ बॅगेच्या चेनशी खेळत बसला. चेन आधीच लागलेली होती.

येताना स्कूटर अनय चालवत होता. रविकांत मागं, मांडीवर बॅग, ती एवढी फुगलेली की त्याला पुढचं काही दिसेना. सिग्नलला अनय म्हणाला, "पप्पा, तुम्ही ओरडला नसता तरी सांगितलंच असतं मी."

"माहीत आहे."

"पण मला वाटलं, तुम्ही नाही म्हणून मान हलवाल."

सिग्नल सुटला. मग रविकांतनं बॅगेला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली आणि गाड्यांच्या आवाजात पोराला ऐकू जाईल न जाईल अशा बेतानं म्हणाला, "मलाही तसंच वाटलं होतं, बाळा."