रोजचा हात

"आत गेल्यावर तू माझी आई नाहीस हं," कारखान्याच्या फाटकाशी लेकीनं बजावलं. "सरांनी सांगितलंय, ओळख दाखवली की माणूस वेगळंच काम करायला लागतं. मग सगळी मोजणी वाया."

"बरं. मग कोण मी?"

"स्टेशन क्रमांक चार."

लेक हसली म्हणून आईही हसली. कारखान्यात आईला सगळे ताई म्हणत. लेकीच्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं, एका हातात कागद लावलेली पाटी आणि दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. काळ्या दोरीला बांधलेलं ते गोल घड्याळ ती चालताना उगीचच झुलवीत होती. त्या झुलण्याकडे ताईला पाहवेना.

लेक औद्योगिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. कार्यमापन नावाचा विषय तिला होता आणि त्यासाठी प्रत्येकानं एखाद्या कारखान्यात उभं राहून खऱ्या माणसांच्या खऱ्या कामाची वेळ मोजून आणायची होती. कुणाची कुठे ओळख आहे का, असं सरांनी वर्गात विचारलं, तेव्हा सगळ्यांत आधी हिनं हात वर केला. "तुझ्याच लाइनवर, आई," असं तिनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा ताई भांडी विसळत होती. "छान," एवढंच ती म्हणाली आणि विसळलेलं पातेलं तिनं पुन्हा विसळलं.

नाही म्हणणार तरी कशाच्या बळावर? लहानपणापासून लेक ऐकत आली होती की आपली आई डोळे मिटून मीटर जोडते. आणि ते खोटंही नव्हतं. पाण्याच्या मीटरची ती लाइन. सरकत्या पट्ट्याच्या एका बाजूला सहा बायका बसत. पितळेचं रिकामं घर पहिलीपासून निघे आणि सहावीपाशी सील लावलेलं मीटर होऊन पोहोचे. चौथी जागा ताईची. ज्वारीच्या दाण्याहून थोडंसंच मोठं दातेरी चाक चिमट्यानं उचलायचं, सुईसारख्या खिळीवर बसवायचं, रबराची रिंग घालायची, काचेचं झाकण दाबायचं. कित्येक वर्षं ते चाक तिच्या हातून आपल्या पायांनी चालत गेल्यासारखं जागेवर जाऊन बसत आलं होतं.

मग उजव्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. पुढे मुंग्याही थांबल्या आणि नुसता बधिरपणा उरला. सकाळी उठल्यावर हात दुसऱ्या कुणाचा तरी उसना आणल्यासारखा वाटे. चिमट्यात चाक आहे की नाही, हे तिला डोळ्यांनी बघावं लागे.

हे ओळखलं तिसऱ्या जागेवरच्या बाईनं. ती चटपटीत, बडबडी, कायम घाईत असलेली. सगळी लाइन तिला तुरतुरी म्हणे. एके दिवशी ताईच्या पुढ्यात मीटर आलं ते चाक आत बसूनच. ताईनं मान वळवली, तर तुरतुरी शेजारणीला आपल्या जावेची नक्कल करून दाखवत होती. पुढचं मीटरही तसंच आलं. त्या दिवसापासून ते चाक तुरतुरीच टाकत आली. कुणी मागितलं नाही, कुणी आभार मानले नाहीत. सुपरवायझर समोरून जाई तेव्हा पट्टा सरळ चाललेला दिसे आणि पट्टा सरळ चालला की त्याला आणखी काही बघायचं नसे.

ज्यांचा हात चालेनासा होई त्यांना धुलाईत धाडत. मागच्या ओल्या खोलीत दिवसभर उभ्यानं पितळ धुवायचं. लाइनवरून तिकडे गेलेली एकही बाई परत लाइनवर आलेली ताईनं पाहिली नव्हती. लाइनवरची एक चष्मेवाली तिकडे गेली, काही महिन्यांनी ती येईनाशीच झाली, आणि तिचा चहाचा निळा मग फळीवर तसाच राहिला. तो काढायचं कुणाला सुचलं नाही, की धाडस झालं नाही, कोण जाणे.

"काय ग, तुझी लेक घड्याळ लावून माझा जीव मोजणार म्हणे?" ताई स्टुलावर टेकते न टेकते तोच तुरतुरीनं विचारलं. मग आवाज खाली आणून, "चाकाचं काय करू? टाकू ना?"

"नको."

"वेडी आहेस का? हात बघ तुझा."

"तिच्याजवळच्या कागदावर लिहिलेलं आहे, चाक चौथीनं बसवायचं. तू टाकलंस तर ती विचारेल. सुपरवायझर शेजारीच असेल."

"मग काय करशील?"

"बघू."

तिनं पहाटे उठून हात ऊन पाण्यात बुडवून ठेवला होता. उपाय एवढाच. लेक येऊन समोर उभी राहिली, घड्याळाचं बटण वाजलं. ताईच्या भीतीनं एक विचित्र गोष्ट केली. विहिरीच्या काठावर पाय घसरलेलं माणूस हाताला येईल ते घट्ट धरतं, तसा तिनं चिमटा धरला. बोटांना जाणवत नव्हतं ते डोळे बघत होते. श्वास रोखून ती एकेक चाक बसवत होती, रिंग, झाकण, पुढचं. खांद्यापासून मनगटापर्यंत आग होत होती. मीटरमागून मीटर गेलं, एकही चाक पडलं नाही. लेकीनं मान वर केली नाही. ती बटण दाबत होती, लिहीत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत येणारा प्रश्न आल्याचं समाधान होतं.

जेवणाची घंटा झाली तेव्हा ताईला डब्याचं झाकण उघडेना. तुरतुरीनं ते उघडून दिलं.

संध्याकाळी लेक जमिनीवर कागद पसरून बसली. ताई भिंतीला टेकून, उजवा हात पदराखाली घेऊन बसली होती.

"किती मस्त आलंय, आई. सर खूश होतील."

"काय आलंय?"

"हे बघ. माणूस काम करतं ते कधी पळत करतं, कधी रेंगाळत. म्हणून नुसती वेळ धरून चालत नाही. आपण बघून ठरवायचं, हे त्याचं सरळ चालीचं काम आहे का. सरळ चाल म्हणजे शंभर. पळत असेल तर शंभराच्या वर, रेंगाळत असेल तर खाली. त्याला रेटिंग म्हणायचं."

"मग मला किती दिलेस?"

"शंभर. तुझं रोजचंच होतं ना ते. तू तर डोळे मिटून करतेस." लेक कागद उलटत होती. "आणि तेवढ्या वेळात चौथ्या स्टेशनचं काम आटपत असेल तर तिथे वेळ शिल्लक राहते. तिसऱ्याचं काम तर फारच थोडं आहे. ते अर्धं दुसऱ्यात टाकायचं, अर्धं तुझ्यात. सहाचं काम पाचांत बसतं. लाइन बॅलन्सिंग. कारखान्याच्या मॅनेजरांनीसुद्धा अहवाल मागितलाय, माहितीये? आमच्या वर्गात कुणाचाच कुणी मागितला नव्हता."

ताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हणजे एक बाई कमी."

"एक स्टेशन कमी."

"कुठलं?"

"तिसरं."

"तिथे कोण बसतं, बघितलंस ना?"

"आई, त्यात माणसं नसतात ग. स्टेशनं असतात. त्यांना दुसरीकडे कुठेतरी घेतील ना."

दुसरीकडे कुठे घेतात हे ताईला माहीत होतं. काल-परवापर्यंत तिला एकच भीती होती, आपण पकडले जाऊ ही. ती भीती तरी ओळखीची होती, घरातल्या माणसासारखी. ही दुसरी तिच्या ध्यानीमनीही नव्हती: ती पकडली गेली नव्हती, आणि म्हणून जाणार होती तुरतुरी. मग चाकही तिच्यापुढे, तुरतुरीचं अर्धं कामही तिच्यापुढे, आणि शेजारी कुणी नाही. बोलायला तिनं तोंड उघडलं. लेकीनं पेन्सिल कानावर अडकवली होती आणि ती हळूच काहीतरी गुणगुणत होती. शेवटच्या वर्षात इतकी निर्धास्त ती पहिल्यांदाच दिसत होती.

"झालं का सगळं मोजून?" तिनं एवढंच विचारलं.

"उद्या दुपारचं राहिलंय. जेवणानंतर माणूस थकतं, म्हणून तेव्हाचंही घ्यावं लागतं. तुझ्यात काही फरक पडणार नाही म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळभर तुरतुरीनं चाकं टाकली आणि ताईनं रिंगा बसवल्या. तुरतुरीनं जावेचा नवा किस्सा सांगितला. ताई हसली, पण क्षणभर उशिरा. जेवणानंतर लेक आली. आज सुपरवायझरही तिच्याबरोबर होता. मॅनेजरनं अहवालात लक्ष घातल्यापासून त्यालाही घड्याळाबद्दल आदर वाटू लागला होता.

"टाकते ग," तुरतुरी ओठ न हलवता पुटपुटली. "तो तिकडे बघतोय. तू कालच मरायची बाकी होतीस."

"नको. तू तुझंच कर. आणि रोजच्याच चालीनं कर."

"अग पण..."

"माझं ऐक एवढं."

घड्याळाचं बटण वाजलं. कालच्यासारखं धावायला ताईचं सगळं अंग सज्ज झालं होतं. भीती म्हणत होती, पळ. तिनं श्वास रोखला नाही. बोटांना जेवढं येतं तेवढंच तिनं त्यांना करू दिलं.

चाक चिमट्यातून निसटलं आणि पितळेवर टिचकन वाजलं. तिनं ते उचललं. पुन्हा निसटलं. मग तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि चाक खिळीपर्यंत नेलं, आंधळ्याला हाताला धरून रस्ता ओलांडून न्यावं तसं. मागे मीटरं साचू लागली. पाचवी बाई हातावर हात ठेवून रिकामी बसली.

"काय झालं, ताई?" सुपरवायझर जवळ आला. "बरं नाही का आज?"

"बरी आहे, साहेब. हाताचं हे रोजचं आहे. वर्ष होऊन गेलं." मग तिनं मान वर करून लेकीकडे पाहिलं. फाटकापाशी ठरलेलं तिनं मोडलं नाही. "मॅडम, कालचं तेवढं खोडून टाका. काल मी घाबरून पळत होते. त्याला शंभर म्हणू नका. चौथ्या स्टेशनात वेळ शिल्लक नाही."

लेकीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ती कागदाकडे बघत नव्हती, घड्याळाकडे बघत नव्हती. मनगटाला धरलेल्या त्या हाताकडे ती बघत होती. याच हातानं आज सकाळी तिचा डबा भरला होता, आणि तरी तिनं तो पाहिला नव्हता.

"घरी जाताना ऑफिसात भेटून जा," सुपरवायझर हलक्या आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे ताईला अधिकच भीती वाटली. तो गेला. तिची नजर त्याच्या पाठोपाठ गेली आणि फळीवरच्या निळ्या मगापाशी थांबली.

मग तिनं खाली पाहिलं. चाक खिळीवर बसलं होतं. तिनं रिंग घातली, अंगठा चालत नव्हता म्हणून तळहातानं काच दाबली आणि मीटर पुढे सरकवलं. लेक तशीच उभी. तिच्या मुठीत घड्याळाचा काटा फिरत होता.

"दाबा, मॅडम," ताई म्हणाली. "झालं माझं."

बटण वाजायला वेळ लागला. पेन्सिल कागदावर टेकली, थांबली, मग तिनं एक आकडा लिहिला.

"पुढचं घ्या," लेक म्हणाली आणि थोड्या वेळानं, कोरड्या पडलेल्या आवाजात, "ताई."

ताईनं चिमटा उचलला.