खिडकीकडे पाठ

भाविकाचा बाप कानाच्या तपासणीत पास झाला होता आणि त्याचाच तिला संताप आला होता.

"बगितलंस? एकदम फस्ट क्लास!" दवाखान्याच्या बाकावर बसून पंढरी रिपोर्ट नाचवत होता. "उगाच बोंबलत व्हतीस, बाबा बहिरा झाला, बहिरा झाला."

भाविका दात आवळून उभी राहिली. बहिरा नाही तर काय! शेलार गावच्या कापड कारखान्यात लूमच्या, यंत्रमागांच्या, खडखडाटात या माणसाचा जन्म गेला. कानात बोळे घाल म्हणून कुणी कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी यानं ऐकलं नसतं. घरात पाठीमागून हाक मारली की ढिम्म. कुकर शिट्ट्या मारून मारून थकला, डाळ करपली, तरी हा शेजारी बसून पेपर वाचत होता. गेल्या आठवड्यात दापोड्याच्या रस्त्यावर मागून टेम्पो हॉर्न बडवत आला, तेव्हा तिनंच दंडाला धरून ओढलं म्हणून वाचला. वर शिव्याही तिनंच खाल्ल्या, बाही उसवली म्हणून.

आता ते लूम भंगारात गेले होते आणि पूर्णा गावच्या गोदामात पंढरीला काम मिळत होतं. यार्डात उभं राहायचं, ट्रेलर मागे येऊ लागले की शिट्टी मारायची. सोमवारपासून ड्युटी. फक्त कान ठीक असल्याचा दाखला हवा होता, तो आज मिळाला. म्हणजे सोमवारी हा मागे येणाऱ्या ट्रेलरच्या वाटेत उभा राहणार, आणि याला पत्ताही लागणार नाही.

ती तरातरा आत गेली. कान तपासणारी क्षितिजा मॅडम पुढच्या पेशंटची तयारी करत होती.

"अहो, प्रत्येक आवाजाला त्यांनी बटण दाबलंय," क्षितिजा म्हणाली. "अगदी हळू आवाजालासुद्धा."

"तुम्ही कुठे बसला होता?"

"इथेच. या खिडकीच्या काचेपलीकडे ते, अलीकडे मी. समोरासमोर."

"आणि आवाज सोडताना काय करता?"

क्षितिजानं यंत्राकडे वाकून कळ दाबून दाखवली. तिचा खांदा जरासा खाली गेला. भाविकाला हसू फुटलं, पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

"मॅडम, कारखान्यात तोंडानं कोण बोलतो? चार लूम पलीकडच्या माणसाशी नुसत्या ओठांनी, हातांनी बोलतात. चहा मागायचा तसाच, शिव्या द्यायच्या त्याही तशाच. माझ्या आईला मागणीसुद्धा यानं लूमपलीकडून तशीच घातली होती. यानं आवाज नाही ऐकला, तुमचा खांदा ऐकलाय!"

क्षितिजाचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे. खुर्ची फिरवून पुन्हा घेऊ."

पंढरी मात्र भडकला. "न्हाय! पास झालो तो झालो. तुला माजी नोकरी बगवत न्हाय!"

"नोकरी गेली खड्ड्यात! मला तू हवायस, बाबा!"

भाविका इतकी ओरडली की बाहेरचे पेशंट वळून बघू लागले. पंढरीनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग मुकाट उठून खोलीत जाऊन बसला, यावेळी खिडकीकडे पाठ करून.

जाड आवाजांना त्यानं एकदोनदा बटण दाबलं, तेही ते पार मोठे केल्यावर. मग क्षितिजा बारीक, किनऱ्या आवाजांवर आली, ट्रेलर मागे येताना पीं-पीं करतात तसल्या. अंगठा हलला नाही. तिनं आवाज वाढवला, अजून वाढवला. शेवटी तो हेडफोनमधून झिरपून दाराशी उभ्या भाविकाला ऐकू आला. पंढरी ताठ बसून होता, अंगठा तयार ठेवून, शहाण्या विद्यार्थ्यासारखा.

"चालू करा ना मॅडम!" तो समोरच्या भिंतीला म्हणाला. "झोपलात काय?"

क्षितिजानं यंत्र बंद केलं. "कानाला मशीन लावू आपण," ती हळूच म्हणाली. "पण कान सवयीला यायला महिने जातात. यार्डातलं काम यांना करू देऊ नका."

इतका वेळ भाविकाला वाटत होतं, खरं ठरलं की जीव थंड होईल. उलट जीव अधिकच पेटला. लूमवर, त्या सगळ्या वर्षांवर, बापावर, कुणाकुणावर म्हणून चिडायचं? ती आत गेली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. आवाज न काढता नुसते ओठ हलवले.

"झालं, बाबा. संपलं."

पंढरीनं हेडफोन काढलासुद्धा नाही.

"आयकू येतं मना," तो खेकसला. "वराडतेस कशाला?"