गालात राहिलेलं

तिनं ओला कापूस दोन बोटांना गुंडाळला, दुसऱ्या हातानं आईची हनुवटी खाली ओढली आणि बोटं तोंडात घातली. जबडा अजून आखडला नव्हता, पण हवा तसा उघडतही नव्हता. वास आला. औषधांचा, आंबलेल्या लाळेचा आणि त्याखाली कसलातरी गोडसर. गेले कित्येक महिने ती याच वासात जेवली होती, झोपली होती, तरी तो आला की ती तोंड फिरवून श्वास घ्यायची. आपल्याच आईची किळस येते याची लाज वाटण्याचे दिवस केव्हाच मागे पडले होते. आता नुसतं काम उरलं होतं. दुपारच्या आत दफनाला न्यायची गाडी येणार होती, त्याआधी आईचं सगळं स्वच्छ व्हायला हवं होतं.

बाहेरच्या खोलीत मावशी, आईची धाकटी बहीण, आल्यागेल्याला तेच पुन्हा सांगत होती.

"काल फादर आले, तेव्हा ताईनं स्वतःहून तोंड उघडलं. इतक्या वर्षांनी. 'आमेन' म्हणाली, मी माझ्या कानांनी ऐकलं. प्रभूला घेऊनच गेली हो ती."

"कृपा म्हणायची देवाची," कुणीतरी भरल्या तोंडानं म्हणालं. पाठोपाठ बिस्किटांच्या पुड्याचा कागद चुरचुरला.

तिनं कापूस बादलीत टाकला आणि नवा घेतला.

तिचा भाऊ अपघातात गेला, त्या वर्षापासून आईनं कम्युनियन घेतलं नव्हतं. रविवारी चर्चला जायची, शेवटच्या बाकावर बसायची. वेदीवरची ती पातळ पांढरी चकती, ख्रिस्ताचं शरीर म्हणून जिभेवर घ्यायला सगळे रांगेत उठले, की ही मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसून राहायची. त्यात ना रुसवा होता, ना देखावा. विचारलं तर म्हणायची, "पाय उठत नाहीत." मावशीनं मात्र तिचा पिच्छा सोडला नाही, आणि आई अंथरुणाला खिळल्यावर तर तिला रानच मोकळं मिळालं. रोज यायची. निलगिरी शिंपडलेला रुमाल नाकाशी धरून, पलंगापासून चांगली हातभर लांब खुर्ची ओढून बसायची.

"देव हाक मारतोय, ताई. तो जबरदस्ती करत नाही. दाराशी उभा राहतो. कडी आपण आतून काढायची असते."

"कडी कधीच काढलीय गं," आई एकदा म्हणाली होती. "बिजागऱ्या गंजल्यात."

त्यावर मायलेकी हसल्या होत्या. मावशी रुमालाआडून नुसती बघत राहिली होती. त्या सगळ्या महिन्यांत तिनं एकदा चादर बदलली असेल तर शपथ. बहिणीचा आत्मा तेवढा तिला हवा होता. बाकीचं भाचीनं उपसायचं होतं.

उजव्या गालात, दाढांच्या मागे, कापसाला काहीतरी चिकटलं. ओढून काढलं तर करडा, पिठूळ लगदा. कालचा घास राहिला असावा, असं वाटून ती तो बादलीत टाकणार, तोच तिला त्याची कड दिसली. गोल, नेमकी. आणि मधोमध दाबून उमटवलेल्या क्रुसाची अर्धी रेघ.

तिचा हात बादलीवरच थांबला.

काल फादरना सोडायला मावशी जिना उतरून खाली गेली होती. तेवढ्यात वर तिनं आईला चहा पाजला होता, चमच्या-चमच्यानं, अर्धा कप. प्रत्येक घोटाला आईच्या गळ्याची हालचाल तिनं पाहिली होती. म्हणजे गिळता येत होतं. आईनं सगळ्यांसमोर तोंड उघडलं, आणि मग जिभेनं ती चकती गालात सारून ठेवून दिली. नाहीच म्हणाली शेवटी.

तिला आनंद झाला. हलकट, गरम आनंद. हा कापूस असाच बाहेर न्यावा आणि त्या बिस्किटं चघळणाऱ्या तोंडांसमोर धरावा. घ्या, ही तुमची कृपा.

"झालं का गं? गाडीवाल्याचा फोन..." मावशी रुमाल नाकाशी धरून आत आली, आणि तिची नजर कापसावर पडली.

मावशीला काही सांगावं लागलं नाही. रुमाल खाली आला. ती चार पावलं पुढे आली आणि तिनं भाचीचं मनगट धरलं.

"बादलीत नको."

"मग काय करू याचं?"

मावशीनं नखानं तो लगदा कापसावरून खरवडला. एक चिकट तार कापसापासून तिच्या बोटापर्यंत ताणली गेली, तुटली आणि तिच्या हनुवटीवर पडली. तिनं बोट तोंडात घातलं, डोळे मिटले आणि गिळलं. गेलं नाही. पुन्हा गिळलं.

भाचीनं पलंगाची कड धरली. मेलेल्या माणसाच्या तोंडातलं. असल्या भक्तीच्या तोंडावर ओकावं, असं तिला वाटलं, आणि तेव्हाच तिनं पाहिलं की मावशीलाही उमासे येत होते. खांदे हिसके देत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उपडा पंजा ओठांवर गच्च दाबून ती ते आत ठेवत होती. रुमाल जमिनीवर पडला होता.

बऱ्याच वेळानं तिनं हात काढला.

"गिळता येत नव्हतं का तिला?" तिनं भिंतीकडे बघत विचारलं.

मावशीला मोडायला एक शब्द पुरे होता. असा शब्द भाचीनं कित्येक महिने जिभेखाली धरून ठेवला होता.

"नव्हतं येत," ती म्हणाली. "नंतर पाण्याचा थेंबसुद्धा गेला नाही."

मावशी मान हलवत राहिली.

"ताईचा चहाचा कप मी विसळला काल," ती म्हणाली. "रिकामा होता."

बाहेरून कुणीतरी हाक मारली. "अहो, येताय ना? यांना सांगा की कालचं." मावशीनं ऐकलं असावं, पण तिनं बाह्या वर सारल्या, पुडक्यातून कापूस तोडला, पाण्यात बुडवून पिळला आणि पलंगाच्या कडेला, बहिणीला टेकून बसली. आईचा डावा गाल तिनं बोटानं हलकेच ओढला.

"लहानपणी लिमलेटची गोळी अशीच ठेवायची ही," ती म्हणाली. "माझी कडाकडा चावून संपायची. हिची आपली दिवसभर गालात. संपू नये म्हणून. दाखव म्हटलं तर तोंड उघडायची नाही."

भाचीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हनुवटीवरचा चिकट थेंब अजून तसाच होता.

"खरंच?"

मावशी हिरडीवरून कापूस फिरवत होती, सावकाश, दात येणाऱ्या बाळाच्या फिरवावा तसा.

"पाणी गार झालंय हे," ती म्हणाली. "तिला सोसायचं नाही. कोमट करून आण."

भाचीनं पाण्याचं भांडं उचललं.